माडांचा आजार आकाशातून पाहणारे पिशारोटी

पुण्याहून जुन्या मुंबई महामार्गाने निघाले आणि सोमाटणे फाट्यावरून आत वळले, की शिरगाव येते. बाहेरच्या लोकांना हे गाव साईबाबांच्या मंदिरामुळे, प्रतिशिर्डी म्हणून माहीत आहे. मावळातल्या शेतकऱ्यांसाठी मात्र ते पवना खोऱ्यातल्या भातशेतीच्या पट्ट्यातले एक गाव आहे. या गावावरून दर काही दिवसांनी एक उपग्रह जातो. युरोपच्या ‘सेंटिनेल-२’ मालिकेतले उपग्रह सुमारे ७८६ किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि जोडीने काम करताना दर पाच दिवसांनी त्याच जागेची प्रतिमा घेतात. त्या प्रतिमेतला सर्वांत लहान ठिपका, म्हणजे पिक्सेल, जमिनीवर दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असतो. आपला गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा. म्हणजे एक ठिपका जवळजवळ एक गुंठा! वीस गुंठ्यांचे खाचर असेल तर आकाशातून त्याचे वीसेक ठिपके दिसतात. ठिपक्यांच्या रंगावरून पीक जोमदार आहे, तहानलेले आहे की आजारी, याचा अंदाज बांधता येतो.

पृथ्वीला स्पर्श न करता, दुरूनच तिच्या पृष्ठभागाची माहिती मिळवण्याच्या या शास्त्राला दूरसंवेदन म्हणतात. भारतात त्याचा पाया ज्यांनी घातला, ते शास्त्रज्ञ मूळचे केरळचे. पण त्यांच्या आयुष्यातला एक महत्त्वाचा टप्पा पुण्यात गेला आणि अखेरही पुण्यातच झाली. पिशारोत राम पिशारोटी हे त्यांचे नाव. हवामान खात्यातून निवृत्त झाल्यावर, साठी ओलांडताना, त्यांनी भारतातला दूरसंवेदनाचा पहिला मोठा प्रयोग केला. हा प्रयोग माडांच्या आजारपणाविषयी होता.

हिऱ्यापासून ढगांपर्यंत

पिशारोटी यांचा जन्म १० फेब्रुवारी १९०९ रोजी कोलेनगोड या गावी झाला. हे गाव आज केरळच्या पालक्काड जिल्ह्यात आहे. तेव्हा तो भाग मद्रास इलाख्यात होता. तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ महाविद्यालयात त्यांनी भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतले आणि पुढे मद्रासच्या लोयोला महाविद्यालयात जवळपास दशकभर शिकवले. मात्र सुट्ट्या लागल्या की ते बंगळुरूला जात. तिथे भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांचे संशोधन चाले. हिऱ्यावर क्ष-किरण टाकायचे आणि पलीकडे ठेवलेल्या फिल्मवर उमटलेल्या ठिपक्यांवरून हिऱ्याच्या आतली अणूंची रचना ओळखायची, असा त्या कामाचा एक भाग होता. डोळ्यांना न दिसणारे किरण वस्तूबद्दल बरेच काही सांगून जातात, याची ओळख त्यांना तरुणपणीच झाली होती.

१९४२ मध्ये ते भारतीय हवामान खात्यात दाखल झाले. पुढे ते अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले आणि याकोब ब्यर्कनेस यांच्यासारख्या दिग्गज हवामानशास्त्रज्ञाबरोबर काम करून १९५४ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. प्रशांत महासागरातला एल निनो आणि वातावरणातले बदल यांचा संबंध पुढे याच ब्यर्कनेस यांनी उलगडून दाखवला.

भारतात परतल्यावर १९५९ मध्ये पिशारोटी कुलाबा आणि अलिबाग येथील चुंबकीय वेधशाळांचे संचालक झाले. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्यात उष्णकटिबंधीय हवामानाच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था सुरू झाली, तेव्हा तिचे संस्थापक संचालक म्हणून त्यांची नेमणूक झाली. आज पाषाणला असलेली भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था ती हीच. पुण्यात शिवाजीनगरचे ‘सिमला ऑफिस’ १९२८ पासून होतेच. तिथे रोजचे अंदाज आणि नोंदी यांवर भर असे. मान्सून असा का वागतो, या मुळाच्या प्रश्नाचा पाठपुरावा करणे हे नव्या संस्थेचे काम होते.

समुद्रावरचे कोडे

मान्सूनचा एक जुना प्रश्न पिशारोटींनी हाती घेतला. सह्याद्रीवर कोसळणारे पाणी येते कुठून? विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडून आलेल्या वाऱ्यांनी ते आणलेले असते, की अरबी समुद्रातूनच त्याची वाफ होते? १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात अनेक देशांनी मिळून हिंदी महासागराची पाहणी केली. जहाजे, विमाने, फुगे यांनी गोळा केलेल्या नोंदी प्रथमच मोठ्या प्रमाणावर उपलब्ध झाल्या. या मोहिमेच्या काळात मुंबईत हवामान उपग्रहाची चित्रे थेट मिळवणारी यंत्रणाही बसली. त्या नोंदी वापरून पिशारोटींनी हिशेब मांडला आणि १९६५ मध्ये निष्कर्ष काढला, की अरबी समुद्रावरच्या बाष्पीभवनाचा वाटा मोठा आहे.

पुढे अधिक नोंदी हाती आल्यावर इतर शास्त्रज्ञांनी हा निष्कर्ष तपासला आणि विषुववृत्तापलीकडून येणारे बाष्प त्यांना अधिक महत्त्वाचे आढळले. या वादातून एक गोष्ट मात्र स्पष्ट झाली. समुद्र अफाट आणि त्यावर मोजमाप करणारी जहाजे मोजकी. अशा स्थितीत कितीही काळजीपूर्वक हिशेब केला तरी नोंदींमधली पोकळी राहतेच. ती भरायची तर वरून पाहणे हाच मार्ग होता.

निवृत्तीनंतरचा आरंभ

१९६७ मध्ये पिशारोटी सरकारी सेवेतून निवृत्त झाले. त्याच सुमारास डॉ. विक्रम साराभाई अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेभोवती भारताचा अवकाश कार्यक्रम उभारत होते. शेती, पाणी, हवामान आणि शिक्षण यांत अवकाश तंत्रज्ञानाचा उपयोग व्हावा, ही त्यांची भूमिका होती. त्यांच्या निमंत्रणावरून पिशारोटी अहमदाबादला गेले आणि ५८ व्या वर्षी नवा विषय शिकू लागले.

तेव्हा भारताकडे स्वतःचा एकही उपग्रह नव्हता. जमिनीचा अभ्यास करणारा अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रहही १९७२ मध्ये अवकाशात गेला. मग सुरुवात करायची कुठून? आकाशातून पाहण्याचे तंत्र इथल्या एखाद्या खऱ्या अडचणीवर वापरून बघावे लागणार होते. ती अडचण केरळात होती.

केरळच्या माडांना मूळकुजव्या मरगळीचा एक आजार जडला होता. १८८२ च्या मोठ्या पुरानंतरच्या काळात मध्य त्रावणकोरात तो पहिल्यांदा लक्षात आला, असे मानले जाते. झावळ्यांची पाने ताठपणा गमावतात, बरगड्यांसारखी आत वळतात, पिवळी पडतात, मुळे कुजतात. झाड लगेच मरत नाही. वर्षानुवर्षे उभे राहते, नारळ मात्र कमी कमी देत जाते आणि आसपासच्या झाडांना धोका बनून राहते. केरळात घराभोवतीच्या परसबागेतले चार-सहा माड हाच अनेक कुटुंबांचा आधार. असे झाड तोडायचे कुणाच्या जिवावर येणार नाही?

या रोगाच्या अभ्यासासाठी १९४७ पासून कायमकुळम येथे संशोधन केंद्र होते. तरीही १९७० पर्यंत रोगाचे कारण सापडलेले नव्हते आणि त्यावर औषधही नव्हते. फायटोप्लाझ्मा नावाच्या अतिसूक्ष्म जिवाणूंचे पुरावे नंतर, १९८० च्या दशकात हाती आले. कारण माहीत नाही, इलाज नाही, तेव्हा निदान रोग कुठवर पसरला आहे एवढे तरी कळायला हवे होते. ते कळले तर नवी लागवड कुठे करायची, कुठे लक्ष ठेवायचे हे ठरवता आले असते. लाखो परसबागांतून फिरून, मान वर करून प्रत्येक शेंडा तपासणे अवघड होते. आजाराची खूण तर शेंड्यावरच दिसते, आणि शेंडा नीट दिसतो वरून.

पानाची अदृश्य चमक

इथे दूरसंवेदनाचे मूळ तत्त्व समजून घ्यायला हवे. सूर्याचा प्रकाश वस्तूवर पडतो; वस्तू त्यातला काही भाग शोषते आणि काही परत फेकते. प्रत्येक वस्तूची ही परतफेड वेगळी असते. हिरव्या पानातले हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश अन्न तयार करण्यासाठी शोषून घेते आणि हिरव्याचा काही भाग परत पाठवते. म्हणून पान हिरवे दिसते. पण लाल रंगाच्या पलीकडे, आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश असतो. निरोगी पानाच्या आतल्या पेशींची स्पंजासारखी रचना त्यातला जवळपास निम्मा भाग परत उसळवते. हा प्रकाश आपल्याला दिसला असता, तर हिरवीगार झाडे विलक्षण झळाळती दिसली असती.

पान आजारी पडले, पेशींतले पाणी घटले, आतली रचना ढासळू लागली की ही झळाळी मंदावते. हरितद्रव्य कमी झाले की लाल प्रकाशही अधिक परत येऊ लागतो. लाल आणि अवरक्त यांच्या प्रमाणातला हा बदल डोळ्यांना पिवळेपणा जाणवण्याआधीही सुरू झालेला असू शकतो. पाण्याची रीत याच्या उलट. ते अवरक्त प्रकाश शोषून घेते, म्हणून अशा प्रतिमेत तळे किंवा धरण काळेशार दिसते.

अवरक्त प्रकाश टिपणारी रंगीत फिल्म दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करासाठी विकसित झाली होती. तोडलेल्या फांद्या किंवा हिरवा रंग लावून लपवलेली ठाणी शोधण्यासाठी ती वापरत. कारण रंगवलेला हिरवा आणि जिवंत हिरवा यांतला फरक या फिल्मवर उघडा पडतो. फिल्मवर अवरक्त प्रकाश लाल रंगात उमटतो. त्यामुळे निरोगी झाड लालभडक आणि खंगलेले झाड फिकट किंवा मळकट दिसते.

युद्धातली हीच फिल्म पिशारोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माडांसाठी वापरली. १९७० मध्ये केरळात हेलिकॉप्टरमधून हॅसलब्लाड कॅमेऱ्यांनी माडांच्या बागांची छायाचित्रे घेण्यात आली. भारतीय कृषी संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञही या कामात होते. छायाचित्रांतल्या झाडांचा जमिनीवरच्या पाहणीशी मेळ घातला गेला. रोगट माड निरोगी माडांपासून वेगळे ओळखता आले. भारतातल्या दूरसंवेदनाची सुरुवात याच प्रयोगापासून मोजली जाते. त्याच वर्षी पिशारोटींना ‘पद्मश्री’ मिळाली.

या प्रयोगाची मर्यादाही लक्षात ठेवली पाहिजे. छायाचित्रांनी माड बरे झाले नाहीत आणि तो रोग केरळातून आजही हटलेला नाही. शिवाय वरून दिसते ती फक्त पानाची बदललेली चमक. ती रोगाने बदलली, पाण्याच्या ताणाने की खताच्या कमतरतेने, हे प्रतिमा आपणहून सांगत नाही. तापमापक ताप दाखवतो. तो हिवतापाचा आहे की टायफॉइडचा, हे ठरवायला रक्त तपासावे लागते. दूरसंवेदनात ही तपासणी म्हणजे प्रत्यक्ष झाडापाशी जाऊन केलेली खातरजमा. तिच्याशिवाय आकाशातली सुंदर प्रतिमा हा नुसता अंदाज ठरतो.

ठिपका लहान होत गेला

डिसेंबर १९७१ मध्ये साराभाईंचे अकाली निधन झाले. काम मात्र थांबले नाही. १९७२ मध्ये अहमदाबादला अवकाश उपयोग केंद्र आकाराला आले आणि १९७५ पर्यंत तिथल्या दूरसंवेदन आणि उपग्रह हवामानशास्त्र विभागाचे संचालकपद पिशारोटींनी सांभाळले. पुढच्या काळात देशाचे उपग्रह घडवणाऱ्या आणि वापरणाऱ्या पिढीचा पाया या वर्षांत घातला गेला.

हेलिकॉप्टरमधून एकेक शेंडा दिसत होता. उपग्रह खूप उंचावर असल्याने सुरुवातीला ही बारकाई हरवली. पहिल्या लँडसॅटचा एक ठिपका सुमारे ८० मीटरचा होता, म्हणजे दीड एकराहून मोठा. भारताचा ‘भास्कर-१’ हा प्रायोगिक उपग्रह ७ जून १९७९ रोजी अवकाशात गेला. त्याच्या कॅमेऱ्याचा एक ठिपका जवळपास एक किलोमीटरचा, म्हणजे अडीचशे एकरांच्या घरातला. अख्खे शिवार एका ठिपक्यात मावावे असा. मात्र याच उपग्रहावर सूक्ष्मतरंग मोजणारे एक उपकरण होते. ते समुद्रावरच्या हवेतल्या बाष्पाचा अंदाज देई. ज्या नोंदींच्या तुटवड्यामुळे अरबी समुद्राच्या बाष्पाचा हिशेब वादात सापडला होता, तशा नोंदी आता भारतीय उपग्रहावरून मिळू लागल्या.

१७ मार्च १९८८ रोजी ‘आयआरएस-१ए’ हा भारताचा पहिला कामकाजी दूरसंवेदन उपग्रह सोव्हिएत संघातून सोडण्यात आला. तो ९०४ किलोमीटर उंचीवरून दर २२ दिवसांनी त्याच जागेवर येई. त्याच्या एका कॅमेऱ्याचा ठिपका सुमारे ७२ मीटरचा, तर दुसऱ्याचा ३६ मीटरचा होता. दुसऱ्यात तेरा गुंठ्यांचा एक ठिपका! दुष्काळ, पूर, जंगले, पडीक जमीन यांचे नकाशे यातून तयार होऊ लागले. छोट्या शेतकऱ्याचे खाचर मात्र शेजाऱ्याच्या खाचरात मिसळूनच दिसे. ठिपका गुंठ्याएवढा व्हायला आणखी बरीच वर्षे जावी लागली. लहान धारणेच्या आपल्या शेतीत ठिपक्याचा आकार फार महत्त्वाचा ठरतो. पाहणी कुणाच्या शेताची झाली आणि कुणाचे शेत सरासरीत हरवले, हे त्यावरच ठरते.

दुसरी अडचण ढगांची. मावळात भाताची लावणी जुलैच्या पावसात होते आणि नेमके तेव्हाच आकाश भरलेले असते. सूर्यप्रकाशावर अवलंबून असलेला कॅमेरा अशा वेळी निरुपयोगी. रडार असलेला उपग्रह स्वतःच सूक्ष्मतरंग सोडतो आणि परत आलेले तरंग मोजतो; त्याला ढग अडवत नाहीत आणि रात्रही अडवत नाही. चिखलणी केलेल्या खाचरातले शांत पाणी हे तरंग आरशासारखे दुसरीकडे परतवते, त्यामुळे ते काळे दिसते. रोपे वाढतील तसतसे ते उजळत जाते. या बदलावरून कुठे आणि केव्हा लावणी झाली, हे कळते. भारताने २०१२ मध्ये सोडलेला ‘रिसॅट-१’ याच पद्धतीने काम करणारा होता.

शंभर तासांचा पाऊस

उतारवयात पिशारोटींनी आणखी एका विषयाकडे लोकांचे लक्ष वेधले. भारतात पाऊस कमी पडत नाही. तो फार थोड्या वेळात पडतो. वर्षाच्या ८,७६० तासांपैकी सुमारे शंभर तासांतच देशाच्या बऱ्याच भागात वर्षाचा बहुतेक पाऊस कोसळून जातो, हे ते मांडत. म्हणून जिथे पडतो तिथेच त्याला अडवायला आणि मुरवायला हवे. नोव्हेंबर १९९० मध्ये पावसाचे पाणी साठवण्याविषयी पुण्यात अखिल भारतीय चर्चासत्र झाले. महाराष्ट्र शासनाच्या ग्रामविकास विभागाच्या त्या चर्चासत्रातही त्यांनी भारतीय पाऊस आणि जलसंधारण या विषयावर मांडणी केली.

मावळाला हे वेगळे सांगायला नको. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात तो सातशे मिलिमीटरच्या आसपास असतो. या दोन टोकांच्या मध्ये असलेल्या गावांतही पावसाळ्यात ओढे दुथडी भरतात आणि उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. उपग्रहाच्या प्रतिमेत पवना धरणाचा काळा डाग ऑक्टोबरमध्ये फुगलेला आणि मे महिन्यात आक्रसलेला दिसतो, तो याच शंभर तासांचा हिशेब असतो.

१९८९ मध्ये जागतिक हवामान संघटनेने आपला सर्वोच्च पुरस्कार पिशारोटींना दिला. २४ सप्टेंबर २००२ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले. तोपर्यंत भारताचे दूरसंवेदन उपग्रह जगातल्या आघाडीच्या मालिकांमध्ये गणले जाऊ लागले होते.

आज शिरगावच्या एखाद्या खाचराचे चार ठिपके फिकट दिसू लागले, तर ही माहिती मोबाइलवरही पोहोचू शकते. ते फिकट कशाने झाले, हे मात्र बांधावर गेल्यावरच कळते. करपा असेल, खोडकिडा असेल, नाहीतर वरच्या अंगाची ताल फुटून पाणी निघून गेले असेल. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी केरळात हेलिकॉप्टर उतरल्यावरही माडांखाली जाऊन प्रत्यक्ष झाडे पाहावी लागली होती. कुठे जायचे ते आकाशातून कळते. काय झाले आहे ते पाहायला आजही कुणीतरी चिखलात उतरावे लागते.